ताईसाठी निवासी संस्था बघायला लागलोय, नेमकं काय बघायचं असतं?

रंकाळ्याचा_वारा:
नमस्कार मंडळी. माझी थोरली बहीण ३४ वर्षांची हाय, बौद्धिक अपंगत्व जन्मापासनं, आणि ऑटिझम पण हाय हे ती २६ ची झाल्यावर दाखल्यासाठी फेऱ्या मारताना कळलं, तोवर सगळं घराणं तिला हट्टीच म्हणत होतं. वडील नाहीत, आईचे दोन्ही गुडघे गेलेत, मी कागल एमआयडीसीत शिफ्टला. आईचं एकच पालुपद, माझ्या माघारी हिचं कसं.

मागच्या रविवारी एक संस्था बघून आलो, शहरापासनं तासाभरावर. आधी फोन करून वेळ घेतलेली. गेलो तर दारात रांगोळी, मुलं (सगळी तिशी-चाळिशीची, पण तिथं मुलंच म्हणतात) इस्त्रीच्या कपड्यात ओळीनं बसलेली, आम्हाला बघून एका सुरात नमस्ते, मग चहा-बिस्किट, कॅरम दाखवला, कीबोर्ड दाखवला, आई एकदम खूश. मी हात धुवायला बेसिनकडं गेलो तर तिथं एका मगात सात-आठ टूथब्रश. सगळे एका रंगाचे, कुणाचं नाव नाही, आणि सहज बोट लावलं तर खडखडीत कोरडे. सकाळचे साडेनऊ वाजलेले आणि संस्थेत माणसं १८.

तेव्हापासनं डोक्यातनं ते ब्रश जाईनात. आई म्हणत्या तू नको तिथं नाक खुपसतोस. पण आपण प्लॉट घेताना सातबारा बघतोय, स्थळ बघताना चार ठिकाणी चौकशी करतोय, आणि इथं जिता माणूस ठेवायचाय तर काय बघायचं हे कोण सांगतच नाही. कुणी आतनं बघितलंय काय असल्या संस्था?

बावड्याच्या_बाई:
ब्रशला बोट लावलंत ते बरं केलंत. मी २९ वर्षं विशेष शाळेत आणि नंतर कार्यशाळेत काढली. तपासणी येणार म्हटल्यावर आम्ही पण कपाटातल्या नव्या चादरी काढायचो, आता खोटं कशाला बोलू. आलेला माणूस ऑफिसात बसून हजेरीपट बघतो, पावत्या बघतो, जेवतो, शेरा लिहितो आणि जातो. झोपायच्या खोलीत जाणारा मी सगळ्या वर्षांत एकच बघितला, आणि त्यानं गाद्या उलटून बघितल्यावर आमची तारांबळ उडाली होती.

कागदाचं आधी सांगते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्याच्या कलम ५० प्रमाणं नोंदणी असल्याशिवाय अशी संस्था चालवताच येत नाही, आणि तो दाखला दर्शनी भागात लावायला लागतोय. फ्रेम बघून यायचं नाही, मुदत वाचून यायची. धर्मादायकडची नोंदणी म्हणजे ट्रस्टची नोंदणी, माणसं ठेवायची परवानगी नव्हे, पण लोक तेवढ्यावर गार होतात. नॅशनल ट्रस्ट म्हणजे ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व वगैरे असणाऱ्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था, तिची नोंदणी अजून निराळी, तो १९९९ चा कायदा. विशेष शिक्षक आहेत म्हणत असतील तर आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी नंबर मागायचा, खऱ्या शिक्षकाला तो द्यायला काही वाटत नाही.

पण माझं ऐकाल तर एक वही बघाच, औषधाची. सकाळी अकराच्या सुमाराला जावा आणि वही उघडून दाखवा म्हणा. एका ठिकाणी मी असंच बघितलं तर त्या दिवशीच्या रात्री आठच्या गोळीपुढं सही झालेली! रात्र व्हायची होती अजून. म्हणजे वही महिन्याची एकदम भरत होते, गोळी दिली का नाही दिली देव जाणे. आणि रिस्पेरिडोनसारखी माणसाला शांत करायची गोळी किती जणांना चालू आहे, कुणी लिहून दिली, डॉक्टरांनी परत कधी तपासलं ते विचारा. काही ठिकाणी माणूस त्रास देऊ नये म्हणून गुंगीतच ठेवतात आणि पालकांना सांगतात, बघा किती शांत झाला.

आणि परत जाताना फोन न करता जावा. संध्याकाळचं.

शाहूपुरी_टू_लीड्स:
बाई बरोबर बोलल्या. मी इकडं इंग्लंडात अशाच घरात सपोर्ट वर्कर हाय, सहा वर्षं झाली. इकडं केअर क्वालिटी कमिशन म्हणून सरकारी तपासणीवाले आहेत, बऱ्याचदा न सांगताच येतात, चार ग्रेड देतात आणि रिपोर्ट ऑनलाइन टाकतात, कुणीपण वाचावा. मला त्यांचं एक लई आवडतं, जी माणसं बोलत नाहीत त्यांच्या खोलीत कोपऱ्यात खुर्ची टाकून नुसतं बघत बसतात, कोण त्यांच्याशी बोलतंय, कसं बोलतंय, का कोण फिरकतच नाही. सोबत कधी कधी ज्यांनी स्वतः किंवा घरच्या माणसापायी हे सगळं भोगलंय असं माणूस पण आणतात. तुम्ही पण अर्धा तास असं बसून बघा दादा. पहिली दहा मिनिटं नाटक चालतं, मग स्टाफ दमतोय आणि खरं ते दिसतं.

पण इकडं सगळं आलबेल हाय असं पण समजू नका. २०११ ला ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाच्या खाजगी हॉस्पिटलात असल्याच माणसांना मारहाण चाललेली, तिथल्याच एका नर्सनं या तपासणीवाल्यांना कळवलेलं तरी कुणी हललं नाही, शेवटी बीबीसीनं छुपा कॅमेरा आत नेला तेव्हा ११ जण दोषी ठरले, ६ जण आत गेले. त्यानंतर २०१९ ला परत तसंच, व्हॉर्लटन हॉल, आणि त्याला तर 'गुड' ग्रेड होती. म्हणून भिंतीवरच्या दाखल्यावर जाऊ नका. कुलूप कुठं कुठं हाय ते बघा, फ्रिजला, संडासला, कपड्याच्या कपाटाला. आणि माणसाला चहा पाहिजे झाला तर तो कधी मिळतो ते विचारा. "चारला" असं उत्तर आलं की काय ते समजा.

नाईट_ड्युटी:
मी बोलू का, मी त्या बाजूची आहे. दोन वर्षं रात्रपाळी केली एका संस्थेत, नाव घेत नाही. २२ जण आणि आम्ही दोघी. पगार ९ हजार, तो पण दोन महिन्यांनी एकदा. दादा, तुमचं ते ब्रशचं वाचून मला लाजच वाटली कारण आमच्याकडं पण तसंच होतं. एकाला ब्रश करून द्यायला दहा मिनिटं लागतात, बळजबरी केली तर चावतात, आणि करूच नये बळजबरी, मग २२ गुणिले १० तुम्हीच करा, त्यात दोघांची अंथरुणं ओली झालेली, एकाला फिट आलेली, सहाला नाष्टा मांडायचा. आम्ही वाईट नव्हतो ओ. पुरतच नव्हतो. तपासणीच्या दिवशी मात्र गावातल्या चार बायका पदर खोचून यायच्या, एका दिवसाच्या रोजावर.

म्हणून रात्री किती माणसं असतात ते विचारा, आणि ते ऑफिसात विचारू नका, जी भांडी घासत असेल तिला विचारा. वर्षभरात किती जणी सोडून गेल्या ते पण तिलाच. तुमची बहीण आहे म्हणून सांगते, अंघोळ कोण घालतं, बाईच का, आणि ती सुट्टीवर असली की कोण, हे तोंडावर विचारायचं, लाजायचं नाही.

पन्हाळा_पायथा:
सगळं खरं हाय पण एवढी तपासणी करून जागा मिळणार हाय काय? माझं पोरगं २१ वर्षाचं, अठरा झाल्यावर निवासी शाळेनं हातात सामान दिलं आणि जावा म्हणाले. मग एके ठिकाणी ठेवलं, डिपॉझिट दिलं, महिन्याला १४ हजार. भेटायला फक्त महिन्याचा दुसरा रविवार, दहा ते बारा. एकदा गेलो तर पाठीवर वळ. विचारलं तर म्हणे पडला. पाठीवर कोण पडतंय मर्दा? मी जरा आवाज चढवला तर दुसऱ्या दिवशी फोन, तुमच्या मुलाला घेऊन जावा. घेऊन आलो. आता घरात हाय, बायकोनं नोकरी सोडली. तक्रार करणारा पालक म्हणजे त्यांना पायातला काटा असतोय.

बावड्याच्या_बाई:
@पन्हाळा_पायथा वाचून वाईट वाटलं हो. पण हे असंच सोडू नका. त्याच दिव्यांग हक्क कायद्यात कलम ७ आहे, छळ झाला किंवा होण्याची शक्यता आहे असं कुणालाही वाटलं तरी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडं कळवता येतं, म्हणजे आपल्याकडं तहसीलदार. कलम ९२ मध्ये दिव्यांग माणसाचा अपमान करायच्या हेतूनं केलेल्या मारहाणीला सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. वळांचा फोटो असला तर तारखेसकट जपून ठेवा. आणि पोरगा अठराच्या पुढचा आहे म्हणून, पालकत्वाचा अर्ज केला नसेल तर कलेक्टर ऑफिसला स्थानिक स्तर समिती असते तिथं करून घ्या, अठरानंतर आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, अशा वेळी संस्थावाले नेमकं त्यावरच अडवतात.

एकट्यानं भांडलं की पोरगं घरी पाठवतात. चार पालकांनी व्हॉट्सॲप ग्रुप करून आळीपाळीनं आठवड्यातनं एकदा कुणीतरी टपकायचं ठरवलं की सगळ्यांना कुणी घरी पाठवत नाही, फी बुडते. आमच्या वेळी दोन पालकांनी एवढंच केलं होतं, भाजीतलं पाणी आठवड्यात कमी झालं!

रंकाळ्याचा_वारा:
अपडेट देतो. गुरुवारी शिफ्ट संपवून ताईला गाडीवर घेतलं आणि न सांगता पावणेसातला त्याच संस्थेत गेलो. गेटवर वीस मिनिटं उभं केलं, आत भजन चालू हाय म्हणाले. भजन काय ऐकू आलं नाही. आत सोडलं तेव्हा सगळे अंथरुणात, लाईट बंद. सात पाच झालेले. ताई दारातच कानावर हात ठेवून बसली, परत फिरलो.

काल दुसरं एक बघितलं, भाड्याचा जुना बंगला, सात जणच, भिंतीचे पोपडे पडलेत, कीबोर्ड-बिबोर्ड काय नाही. आम्ही पोचलो तेव्हा एक चाळिशीचे काका व्हरांड्यात लसूण सोलत बसलेले. ताई कुणाच्या जवळ जात नाही पण जाऊन बसली त्यांच्याशेजारी आणि सोलायला लागली, दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत, पाऊण तास. ब्रश बघितले, प्रत्येकाचा वेगळा स्टीलचा पेला, वर फोटो चिकटवलेला, कारण दोघांनाच वाचता येतंय. चहाचं विचारलं तर स्वयंपाकीण म्हणाली तो शेवटच्या खोलीतला दिवसाला नऊदा मागतो, अर्धा अर्धा कप देते.

पण घोळ असा की भिंतीवरच्या दाखल्याची मुदत मार्चमध्ये संपलीय. नूतनीकरणाचा अर्ज केलाय म्हणाले, पोच दाखवली. आई म्हणत्या पहिल्याचा दाखला तरी चालू हाय. आता बोला.

बावड्याच्या_बाई:
पोचेवरची तारीख काय आहे? नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या ६० दिवस आधी करायला लागतो. जानेवारीच्या आतली असेल तर त्यांच्या बाजूनं काम झालंय, एप्रिलची असेल तर मग जरा विचार करा. दाखला हातात पडेपर्यंत डिपॉझिट देऊ नका, रात्री ठेवू नका. दिवसा सोडता येतंय का विचारा.

नाईट_ड्युटी:
आणि रात्री किती जण असतात विचारलं का? मेसेज करा ना त्या बंगल्याचं नाव, माणूस पाहिजे असेल तर मी येते.

रंकाळ्याचा_वारा:
रात्री दोघं, सात जणांना. नाव मेसेज केलंय ताई. पोचेवर डिसेंबरची तारीख हाय, फोटो काढून आणलाय, सोमवारी सुट्टी टाकून जिल्हा परिषदेत समाजकल्याणला विचारून येतो कुठं अडलंय ते. इकडं सकाळपासनं आमच्या ताईनं घरातला सगळा लसूण सोलून ठेवलाय, आई म्हणत्या आता चटणीच करायची.