महिला वसतिगृहात पारलिंगी स्त्रीला प्रवेश : नियम कसा करावा?

गोदाकाठ (8 नोव्हेंबर 2025)

सर्व सदस्यांना नमस्कार. नाशिकमध्ये एका सार्वजनिक न्यासातर्फे चालणाऱ्या नोकरदार महिलांच्या वसतिगृहाच्या व्यवस्थापन समितीवर मी काम करते. इमारत जुनी आहे. एका खोलीत तिघी राहतात आणि प्रत्येक मजल्याला सामायिक स्नानगृहे आहेत. गेल्या महिन्यात आमच्याकडे एका पारलिंगी स्त्रीचा (जन्मतः पुरुष म्हणून नोंद झालेल्या, पण स्त्री म्हणून ओळख असलेल्या व्यक्तीचा) प्रवेशअर्ज आला. ती एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करते. जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेले ओळखपत्र, आधारपत्र आणि कंपनीचे शिफारसपत्र अशी सर्व कागदपत्रे तिने अर्जासोबत जोडली आहेत.

आमच्या नियमावलीत ‘फक्त महिलांसाठी’ एवढेच लिहिलेले आहे आणि हा प्रश्न कधी येईल अशी कल्पना ती लिहिणाऱ्यांनी केली असण्याचा संभव नाही. समितीतील काही जणी म्हणतात की तिला नाकारणे कायद्याच्या विरुद्ध होईल. काही जणी म्हणतात की इथे राहणाऱ्या मुलींनी ज्या भरवशावर शुल्क भरले, तो भरवसा त्यांना न विचारता बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही. पुरुष विश्वस्तांनी ‘हे बायकांनीच ठरवावे’ असे सांगून अंग काढून घेतले आहे, त्यामुळे त्यांच्या मताची नोंद करता येत नाही. कायदा नेमके काय सांगतो, आणि कायद्यापलीकडे व्यवहारात काय करावे, याबद्दल जाणकारांनी लिहावे ही विनंती. अर्जदार एक जिवंत व्यक्ती आहे हे लक्षात ठेवून शेरेबाजी टाळावी.

कलमदान (8 नोव्हेंबर 2025)

मी वकिली करतो, परंतु पुढील मजकूर सल्लापत्र म्हणून नव्हे तर माहिती म्हणून वाचावा.

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण विरुद्ध भारत सरकार) निकालात आपली लैंगिक ओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदेशीर ठरवले. त्यानंतर तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, 2019 आला (पारलिंगी व्यक्तीही त्यात येतात) आणि 10 जानेवारी 2020 पासून तो लागू झाला. त्याच्या कलम 3 नुसार शिक्षण, नोकरी, आरोग्यसेवा, सर्वसामान्यांना उपलब्ध असलेली निवासव्यवस्था व सुविधा, तसेच जागा भाड्याने घेणे अथवा तिथे राहणे या सर्व बाबतींत भेदभावास मनाई आहे. आपले वसतिगृह खासगी न्यासाचे असले, तरी ही मनाई खासगी व्यक्ती आणि संस्थांनाही लागू आहे.

अडचण पुढे आहे. हा कायदा केवळ स्त्रियांसाठी राखलेल्या जागांबद्दल एक अक्षरही बोलत नाही. अशा जागांना तो अपवाद देत नाही आणि पारलिंगी स्त्रीला तिथे प्रवेश मिळालाच पाहिजे असेही स्पष्ट शब्दांत सांगत नाही. राज्यघटनेचे कलम 15(3) स्त्रिया आणि बालकांसाठी विशेष तरतुदी करण्याची मुभा राज्यसंस्थेला देते, परंतु त्यातील ‘स्त्रिया’ कोण, याचे उत्तर आपल्याकडे प्रकरणागणिक दिले गेले आहे. मध्य प्रदेशातील कटनी येथे महिलांसाठी राखीव असलेल्या महापौरपदावर कमला जान या तृतीयपंथी उमेदवार निवडून आल्या, पण त्यांची निवड 2003 मध्ये तेथील उच्च न्यायालयात टिकली नाही. याउलट जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकच्या अंजली पाटील या पारलिंगी उमेदवाराला महिला प्रवर्गाच्या जागेवरून ग्रामपंचायत निवडणूक लढवू दिली. संधी साधण्यापुरती आपण ओळख बदलणार नाही, हे त्यांचे निवेदन न्यायालयाने नोंदवून घेतले. दोन निकालांच्या मध्ये ‘नालसा’ आणि 2019 चा कायदा उभे आहेत, हाच त्यांतील मुख्य फरक.

ओळखपत्राविषयी एक सूचना (नोव्हेंबर 2025 मधील तरतुदींनुसार). कलम 6 खालील पहिल्या ओळखपत्रावर ‘तृतीयपंथी’ अशी नोंद असते आणि ते शपथपत्राच्या आधारे मिळते. कलम 7 खालील सुधारित ओळखपत्रावर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद होते. 2020 च्या नियमांनी त्यासाठीच्या वैद्यकीय उपचारांची व्याख्या समुपदेशन आणि संप्रेरक उपचारांपर्यंत रुंद केली आहे. सुधारित ओळखपत्र असेल तरच प्रवेश, असा नियम आपण केलात, तर मागल्या दाराने वैद्यकीय अट घातल्यासारखे होईल आणि ‘नालसा’नंतर ती टिकवणे कठीण जाईल.

कलम 3 चे उल्लंघन झाल्यास थेट शिक्षा नाही, म्हणून अनेक संस्था निर्धास्त असतात. गेल्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जेन कौशिक या पारलिंगी शिक्षिकेच्या नोकरीतील भेदभावाच्या प्रकरणात त्यांना नुकसानभरपाई देववली आणि समान संधी धोरणाचा मसुदा करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा हा निर्धास्तपणा फार काळ पुरेल असे मला वाटत नाही.

माजी_रेक्टर (9 नोव्हेंबर 2025)

विदर्भातील मुलींच्या वसतिगृहात मी बरीच वर्षे रेक्टर होते. कलमदान यांच्या कायदेशीर विवेचनाबद्दल मला काही म्हणायचे नाही, परंतु या चर्चेत तिथे राहणाऱ्या मुली केवळ ‘आक्षेप घेणाऱ्या’ म्हणून येत आहेत, हे मला खटकते.

मुलींच्या वसतिगृहाला भिंत, फाटक आणि रात्रीची हजेरी का असते, याचे उत्तर पूर्वग्रहात नाही, अनुभवात आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलींपैकी कितीतरी जणींना घरून निघण्याची परवानगीच ‘तिथे फक्त मुली आहेत’ या एका वाक्यावर मिळालेली असे. अशा मुलीच्या वडिलांच्या कानावर उद्या काही गेले, तर ते समितीशी वाद घालायला येणार नाहीत. मुलीचे सामान उचलून तिला घरी नेतील आणि तिची नोकरी सुटेल. त्या वडिलांचा समज चुकीचा असेल, पण किंमत मोजणारी ती मुलगी आहे. हक्कांची भाषा बोलणाऱ्यांनी तिला हिशेबात धरावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

याचा अर्थ अर्जदाराला नकार द्यावा असा मी काढत नाही. एखाद्या व्यक्तीला राहू द्यावे की नाही यावर मुलींचे मतदान तर मुळीच घेऊ नये. मग आज हिची जात, उद्या तिचा धर्म असे मतदान सुरू होईल. मात्र तिघींच्या खोलीत कोणालाही कोणावर लादू नये. खोलीतील सोबत दोन्ही बाजूंच्या संमतीने ठरवावी किंवा स्वतंत्र खोली द्यावी. आणि आपली स्नानगृहे आधी पाहून घ्या. जुन्या इमारतींत दोन मोऱ्यांमधले पार्टिशन छतापर्यंत जात नाही, कड्या लागत नाहीत, कपडे बदलायला आडोसा नसतो. ही गैरसोय आजही सगळ्याच मुली सोसत आहेत.

सह्याद्रीवारा (9 नोव्हेंबर 2025)

एवढा काथ्याकूट कशासाठी, हे समजत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने याच वर्षी एप्रिलमध्ये स्पष्ट सांगितले की स्त्री म्हणजे जन्माने स्त्री. ज्या देशाकडून आपण कायद्याची परंपरा घेतली, तिथे प्रश्न सुटला आहे. आपल्याकडे तर केवळ शपथपत्रावर ओळखपत्र मिळते, मग उद्या कोणीही पुरुष ते घेऊन दारात उभा राहील. महिलांसाठीची जागा महिलांसाठीच ठेवावी आणि इतरांसाठी सरकारने वेगळी वसतिगृहे काढावीत.

लेस्टरकर (9 नोव्हेंबर 2025)

मी इंग्लंडमध्ये एका संस्थेच्या मनुष्यबळ विभागात काम करतो आणि एप्रिलपासून माझ्या कामाचा मोठा भाग याच निकालाने व्यापला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

16 एप्रिल 2025 चा हा निकाल पाच न्यायमूर्तींनी एकमताने दिला. ‘फॉर विमेन स्कॉटलंड’ या संघटनेचा वाद मुळात स्नानगृहांबद्दल नव्हताच. स्कॉटलंडमधील सार्वजनिक मंडळांवर निम्म्या स्त्रिया असाव्यात, या 2018 च्या कायद्यात कोणाची गणना स्त्री म्हणून करायची, यावरून तो सुरू झाला. न्यायालयाने एवढेच ठरवले की समानता अधिनियम, 2010 मध्ये ‘स्त्री’ आणि ‘लिंग’ हे शब्द जन्माच्या लिंगाला धरून आहेत आणि 2004 च्या कायद्याखालील, बदललेल्या लिंगओळखीला मान्यता देणाऱ्या लिंगमान्यता प्रमाणपत्राने त्यात फरक पडत नाही. पारलिंगी व्यक्तींना भेदभाव आणि छळापासून असलेले संरक्षण कायम आहे, हेही त्याच निकालात आहे, आणि हा एका गटाचा दुसऱ्या गटावरचा विजय समजू नये असेही न्यायालयाने बजावले.

दुसरे असे की इथल्या कायद्यात केवळ स्त्रियांसाठीच्या सेवांना लेखी अपवाद आहेत. विशिष्ट परिस्थितीत, उचित हेतूसाठी आणि प्रमाणात राहून अशी सेवा वेगळी ठेवता येते. भारतीय कायद्यात असा अपवादच नाही, हे कलमदान यांनी वर सांगितले आहे. दोन वेगळ्या कायद्यांतील शब्दांचे अर्थ एकमेकांना चिकटवता येत नाहीत.

प्रश्न ‘सुटला’ असेही नाही. फुटबॉल आणि क्रिकेटच्या नियामक संस्थांनी महिला संघांचे नियम ताबडतोब बदलले, परंतु रुग्णालये आणि कार्यालये यांच्यासाठीची सुधारित आचारसंहिता समानता आयोगाने सप्टेंबर 2025 मध्ये सरकारकडे सोपवली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ती प्रलंबित आहे. दुसरीकडे, स्त्रियांची काळजी निराधार होती असेही मी म्हणणार नाही. 2023 मध्ये स्कॉटलंडमध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या आयला ब्रायसन या पारलिंगी कैद्याला सुरुवातीला महिला तुरुंगात ठेवले गेले आणि गदारोळानंतर तिथून हलवावे लागले. त्या प्रकरणात व्यक्तीचा गुन्हा न पाहता केवळ ओळख पाहून निर्णय झाला, असे माझे मत आहे. पण एका कैद्यावरून कारखान्यात नोकरी करणाऱ्या अर्जदाराविषयी निष्कर्ष काढणे ही त्याच चुकीची दुसरी बाजू आहे.

समितीला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट. इथल्या कामाच्या जागांविषयीच्या 1992 च्या नियमांनुसार स्त्रीपुरुषांची स्वच्छतागृहे वेगळी असावी लागतात. मात्र प्रत्येक स्वच्छतागृह ही आतून कडी लावता येणारी स्वतंत्र खोली असेल, तर हे बंधन उरत नाही. आमच्या कार्यालयात एका मजल्यावर तशी रचना केल्यानंतर त्या मजल्यापुरता वाद थांबला. खर्च मात्र झाला.

सावली (10 नोव्हेंबर 2025)

मी स्वतः पारलिंगी स्त्री आहे आणि पुण्यात नोकरी करते. सह्याद्रीवारा यांनी सुचवलेली वेगळी सरकारी निवारागृहे ‘गरिमा गृह’ या नावाने अस्तित्वात आहेत. प्रत्येकात किमान पंचवीस जणांची सोय अपेक्षित आहे. घराबाहेर काढलेल्यांना आधार देण्यासाठी ती आहेत आणि मोजक्याच शहरांत आहेत. महिना पगार घेणाऱ्या, दोन पाळ्यांत काम करणाऱ्या बाईने आयुष्यभर निवारागृहात राहावे, ही अपेक्षा योग्य नाही. शपथपत्राबद्दल म्हणाल, तर ते ओळखपत्र घेणे म्हणजे बँक, नोकरी, नातेवाईक सगळ्यांसमोर स्वतःला कायमचे जाहीर करणे असते. महिला वसतिगृहात शिरण्यासाठी एखादा पुरुष एवढी किंमत मोजेल, हे मला पटत नाही.

महिला वसतिगृह नाकारले की आमच्यासमोर काय उरते, तेही सांगते. पुरुषांच्या वसतिगृहात रात्री दाराला आतून टेबल लावून झोपावे लागते. भाड्याच्या घरासाठी दलाल दुप्पट अनामत मागतो आणि शेजाऱ्यांनी तक्रार केली की घर सुटते. आमच्यावर लैंगिक अत्याचार झाला, तर 2019 च्या मूळ कायद्यात कमाल शिक्षा दोन वर्षे ठरवलेली आहे. स्त्रीवरील बलात्काराची किमान शिक्षा दहा वर्षे आहे. सुरक्षिततेचा विचार करताना ही बाजूही पाहावी.

रेक्टरबाईंच्या पत्रातील त्या मुलीबद्दल मी विचार केला. तिची नोकरी सुटू नये, असे मलाही वाटते. स्वतंत्र खोली दिलीत तर अर्जदार बहुधा आनंदाने घेईल. मी तरी घेतली असती. पण वेगळा जिना, जेवणाची वेगळी वेळ, सूचनाफलकावर नाव, असले काही करू नका. आणि मुलाखतीत ‘ऑपरेशन झाले आहे का’ हे विचारू नका. समितीतील कोणीतरी ते विचारतेच, म्हणून आधीच सांगून ठेवते.

कलमदान (10 नोव्हेंबर 2025)

सावलीताईंच्या मुद्द्याला जोडून एक संदर्भ देतो. केंद्रीय गृह मंत्रालयाने जानेवारी 2022 मध्ये तुरुंगांतील तृतीयपंथी बंद्यांविषयी राज्यांना सूचना पाठवल्या. त्यांत वेगळे कक्ष, वेगळी शौचालये व स्नानाची सोय सांगितली आहे. मात्र त्यामुळे ती व्यक्ती पूर्णपणे एकाकी पडू नये, अशी काळजी घ्यावी असेही म्हटले आहे. वसतिगृह म्हणजे तुरुंग नव्हे (काही रेक्टरांचे मत वेगळे असू शकते), तरी खासगीपणा जपणे आणि बहिष्कृत करणे यांतील फरक तिथे नेमका पकडला आहे.

गोदाकाठ (15 नोव्हेंबर 2025)

सर्वांचे आभार. काल समितीची बैठक झाली. तळमजल्यावरील पाहुण्यांची खोली, जिला स्वतःचे स्नानगृह आहे, ती अर्जदाराला नेहमीच्याच शुल्कात द्यावी असे ठरले. भोजनगृह, अभ्यासिका आणि गच्ची सर्वांना सारखीच राहील. सर्व मजल्यांवरील मोऱ्यांची पार्टिशने छतापर्यंत नेण्याचा आणि नवीन कड्या बसवण्याचा खर्च मंजूर झाला. गंमत म्हणजे याला एकाही सदस्याचा विरोध झाला नाही, आणि मुली हीच मागणी कितीतरी वर्षे करत होत्या. खोलीतील सोबत संमतीने ठरेल आणि गैरवर्तनाबद्दलची कारवाई सर्वांना समान असेल, ही वाक्ये नियमावलीत घातली आहेत. दोन सदस्यांनी लेखी असहमती नोंदवली असून ती इतिवृत्तात जशीच्या तशी ठेवली आहे.

एक प्रश्न मात्र तसाच आहे. अशी खोली एकच आहे. दुसरा अर्ज आला तर काय करायचे?

कलमदान (15 नोव्हेंबर 2025)

‘पारलिंगी व्यक्तींसाठी एक जागा’ असे नियमात कुठेही लिहू नका. तसे लिहिलेत तर दुसऱ्या अर्जदाराला तिच्या ओळखीमुळे नाकारल्याचा लेखी पुरावा आपणच तयार कराल. ती खोली ‘खासगीपणाची अधिक गरज असलेल्या निवासी’ यांच्यासाठी आहे असे लिहा, म्हणजे आजारी किंवा अपंग मुलीलाही ती मागता येईल. दुसरा अर्ज इतर अर्जांप्रमाणेच प्रतीक्षायादीत क्रमाने घ्या, आणि सोबत राहण्यास स्वेच्छेने तयार असलेल्या मुलींची खोली मिळाली तर तिथे प्रवेश द्या. कलम 11 नुसार प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. आपल्याकडे तो नसावा असे गृहीत धरतो, तर पुढील बैठकीत ती नियुक्ती करून घ्या, आणि त्या लेखी असहमती दर्शवलेल्या दोन सदस्यांपैकी एकीला त्या कामात सोबत घेता येते का ते पाहा.