क्लीन टोनसाठी सॉलिड स्टेट ॲम्प कुठला घेऊ? घरात मस्त वाजतो, कार्यक्रमात फाटतो

खानापूरचा_सहातारी

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, आमचा छोटा ऑर्केस्ट्रा आहे, भावगीतं, जुनी सिनेमातली गाणी, आणि कित्तूर-बैलहोंगल साईडला कार्यक्रम असला की चार-पाच कन्नड पण. मी गिटार वाजवतो, डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) मला लागतच नाही, नुसते कॉर्ड, आर्पेजिओ आणि मधले छोटे पीस, त्यामुळे मला पाहिजे तो एकदम पाण्यासारखा क्लीन आवाज. गिटार स्ट्रॅट टाईप, तिन्ही पिकअप सिंगल कॉइल. ॲम्प आत्ता ३० वॅटचा सॉलिड स्टेट (म्हणजे ट्रान्झिस्टरवाला), १० इंची स्पीकर, कंपनीचं नाव घेत नाही उगीच.

प्रॉब्लेम असा की घरी सहावर व्हॉल्यूम ठेवला तरी आवाज गोड, शेजारची काकू ओरडते तेवढंच. पण यात्रेत स्टेजवर गेलो की पाचवरच जाड तार वाजवली की फर्र्र करून फाटतो, आणि तरी मला स्वतःला ऐकू येत नाही. मागच्या महिन्यात ढोलकीवाल्यानं सगळ्यांच्या समोर विचारलं, गिटारीत भुंगा शिरलाय काय रे म्हणून.

डोक्यात तीन ऑप्शन आहेत. बॉसचा कटाना ५०, नाहीतर फेंडर चॅम्पियन ४०, आणि तिसरा म्हणजे पणजीत एक हॉटेलात वाजवणारा आपला जुना रोलँडचा जेसी-१२० ॲम्प विकूलाय. तिसऱ्यावर मन आलंय खरं पण माझ्याकडं गाडी म्हणजे स्प्लेंडर. सांगा की कायतरी.

तिलकवाडीकर

जेसी-१२० म्हणजे २८ किलो हाय भावा, स्प्लेंडरवर चोर्ला घाटातनं आणणार असलास तर आधी विमा काढ.

पण खरं सांगायचं तर क्लीनच पाहिजे असेल तर तो ॲम्प म्हणजे ॲम्प. १९७५ पासून रोलँड तो बनवतंय. त्यात दोन वेगळे पॉवर ॲम्प आहेत ६०-६० वॅटचे, दोन १२ इंची स्पीकरना एकेक, आणि कोरस इफेक्ट चालू केलास की एका स्पीकरातनं सरळ आवाज येतो, दुसऱ्यातनं किंचित हलणारा, आणि दोन्ही हवेत मिसळतात. म्हणून तो कोरस दुसऱ्या कशात तसा ऐकू येत नाही. आणि म्हणूनच साउंडवाल्यानं एकाच स्पीकरला माईक लावला की सगळी मजा गेली, हे मी बेळगावच्या कॅम्पात एका लग्नाच्या रिसेप्शनला स्वतः भोगलंय. मेटॅलिकासारख्या बँडनं पण क्लीनसाठी तोच वापरलाय, एवढे मोठे वाल्व (काचेच्या ट्यूबवाले) ॲम्प पदरी असून.

पण तुला तो लागतो काय हा प्रश्न वेगळा. तू एकटा, बाईक, गावातली स्टेजं. कटाना ५० घे, १२ इंची स्पीकर आहे, घरी वाजवायला अर्ध्या वॅटवर टाकता येतो, काकू पण खूश. नाहीतर आहे त्याच ॲम्पला माईक लावून पीएमध्ये (कार्यक्रमाच्या मोठ्या साउंडमध्ये) दे, सगळ्यात स्वस्त इलाज तोच.

वाल्वप्रेमी_गोकाक

सॉलिड स्टेटला टोन नसतो अण्णा, पैसे साठव आणि १५ वॅटचा वाल्व घे. बाकी चर्चा वेळ घालवणं.

तिलकवाडीकर

@वाल्वप्रेमी हे ऐकून ऐकून कान किटले. ब्लूजवाला बी. बी. किंग वर्षानुवर्षं लॅब सिरीज एल-५ वर वाजवायचा, तो सॉलिड स्टेटच की. जॅझवाल्या जो पासकडं पॉलिटोन, तोही ट्रान्झिस्टरवाला. बदनामी झाली ती सुरुवातीच्या मालामुळं, १९६६ ला फेंडरनं पहिले ट्रान्झिस्टर ॲम्प काढले ते काय फार चालले नाहीत. त्या रागावर आज साठ वर्षांनी पण लोक जगूलेत. आणि ह्याला क्लीन पाहिजे, १५ वॅटचा वाल्व ढोलकी आणि कीबोर्डच्या मधे क्लीन राहणार काय?

निपाणी_रिपेअर

मी ॲम्प, पॉवर ॲम्प, मंदिराचे भोंगे सगळं दुरुस्त करतो, गिटार वाजवता येत नाही, तेवढं सांगून ठेवतो.

खानापूरकर, नवीन ॲम्पचं नंतर बघू. आधी तीन गोष्टी सांगा. फाटतो तो नेमका किती वाजता? वायर कुठनं घेता? आणि बेस-मिड-ट्रेबल कितीवर ठेवता?

खानापूरचा_सहातारी

काका, किती वाजता म्हणजे काय कळलं नाही आधी, पण आता आठवतंय, साउंडचेक दुपारी चारला केला तेव्हा बरा होता की! फाटायला लागला रात्री साडेआठच्या पुढं, लोक जमल्यावर. मला वाटलं माझाच हात जोरात पडूलाय टेन्शनमध्ये.

वायर मंडपवाल्याचीच. लांबनं कुठनं तरी येते, त्याच्यावरच हॅलोजन, पीए, लायटिंगच्या माळा, चहावाल्याची शेगडी पण असेल, काय सांगता येत नाही. बेस आठ, मिड तीन, ट्रेबल सात. घरी तसंच गोड लागतं.

निपाणी_रिपेअर

हां. मग ऐका.

तुमच्या ॲम्पात साधा ट्रान्सफॉर्मर असणार. त्याला आत २३० व्होल्ट मिळाले तर ३० वॅट. आत १८० आले तर आतलं डीसी पण तेवढ्याच प्रमाणात खाली येतं, आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गानं कमी होते, म्हणजे ३० चा ॲम्प १८ वॅटवर येतो. वाल्व फाटताना हळूहळू गोल होत जातो, ट्रान्झिस्टर एकदम टोक कापतो, म्हणून तो फर्र्र. संध्याकाळी मोटारी चालू, घराघरात लाईट, त्यात मंडपाची वायर. एक स्क्वेअर एमएमची तांब्याची ६० मीटर वायर धरा, जाऊन-येऊन १२० मीटर, दोन ओहम होतात. तिच्यातनं १० अँपिअर गेले की २० व्होल्ट वायरीतच संपले. आणि मंडपवाले तांब्याची तरी कुठं घालतात.

तिलकवाडीकर

काका हिशोब मान्य, पण ३० चे १८ म्हणजे जेमतेम सव्वादोन डेसिबल. वॅट डबल केले तरी ३ डेसिबलच वाढतात आणि कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. मग एवढ्याशा फरकानं भुंगा कसा शिरला?

निपाणी_रिपेअर

बरोबर पकडलंत. एकट्या व्होल्टेजचं काम नाही ते. हे गृहस्थ आधीच काठावर उभे आहेत, व्होल्टेजनं नुसता धक्का दिला. बेस आठवर म्हणजे निम्म्याहून जास्त वॅट जाड तारेतच जळतात, आणि स्टेजवर बेस गिटार, कीबोर्डचा डावा हात असताना त्याचा उपयोग शून्य. मिड तीनवर, म्हणजे गिटार जिथं ऐकू येते तोच भाग काढून टाकलाय. घरी एकट्यानं वाजवताना मिड कमी गोड लागतं, ढोलकी-कीबोर्ड आले की गिटार गायब. मग ऐकू येत नाही म्हणून व्हॉल्यूम वाढवायचा, आणि वाढवलेला व्हॉल्यूम परत बेसच खातो.

ॲम्प कुठं ठेवता? खाली जमिनीवर ना?

खानापूरचा_सहातारी

जमिनीवर. माझ्या पायाच्या मागं.

निपाणी_रिपेअर

म्हणजे गिटार पोटऱ्यांना ऐकू येते, कानाला नाही. १० इंची स्पीकरचा वरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. खुर्चीवर ठेवा, थोडा मागं कलवून.

आता करायचं एवढंच. बेस चार, मिड सात-आठ, ट्रेबल सहा. घरचा फ्रिजचा स्टॅबिलायझर चालेल, ५०० व्हीएचा असला तरी भरपूर, तुमचा ॲम्प शंभर वॅटच्या आसपास ओढत असेल. आणि एक, गुणगुण येते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कधी काढू नका, गायकाच्या माईकला ओठ आणि हातात गिटार, अर्थिंग नसलं तर मधे तुम्ही आहात. सिंगल कॉइलला थोडी गुणगुण राहणारच, लायटिंगच्या माळांपासनं दोन पावलं लांब उभं राहा आणि गिटार जरा फिरवून बघा, एका कोनात कमी होते.

नवीन घेताना मागच्या पट्टीवर १००-२४० लिहिलेलं असलं तर आतला सप्लाय स्विचिंगचा आहे, तो कमी व्होल्टेजला एवढं जुमानत नाही. आणि वॅटपेक्षा स्पीकर किती डेसिबलचा आहे, म्हणजे तेवढ्याच वॅटला किती जोरात वाजतो, ते विचारा. ९७ च्या जागी १०० चा स्पीकर म्हणजे वॅट डबल केल्यासारखंच, आणि १२ इंची बहुतेक वेळा त्यात पुढं असतो.

वाल्वप्रेमी_गोकाक

काका हे मात्र पटलं. माझ्या वाल्वला पण मुडलगीला एकदा हेच झालं होतं, मी ट्यूब बदलल्या फुकट.

खानापूरचा_सहातारी

मंडळी, अपडेट. शनिवारी नंदगड साईडला कार्यक्रम होता. काकांनी सांगितलं म्हणून वायरमन मित्राचा मल्टिमीटर आणि त्यालाच घेऊन गेलो, मापायचं काम त्याचं. दुपारी स्टेजच्या बोर्डावर २२१. रात्री पावणेनऊला, हॅलोजन सगळे लागल्यावर, १७४! तो हसायला लागला, म्हणाला ह्यात ट्यूबलाईट लागली तरी नशीब.

पहिली दोन गाणी मुद्दाम जुन्याच सेटिंगवर वाजवली, भुंगा हजर. मग ॲम्प प्लास्टिकच्या खुर्चीवर, बेस चार, मिड आठ. नुसतं एवढं केल्यावरच फाटायचं ऐंशी टक्के गेलं, खरंच सांगूलोय, स्टॅबिलायझर अजून लावलाच नव्हता. आणि व्हॉल्यूम पाचवरनं चारवर आणला तरी मला माझी गिटार पहिल्यांदा नीट ऐकू आली, कीबोर्डवाला वळून बघूलता. मग स्टॅबिलायझर लावला, तो अधनंमधनं टक टक करतो पण गाण्यात कळत नाही. उरलेलं पण गेलं. शेवटच्या लावणीला जोर करून मारलं तेव्हा जरासा खरखरला, तेवढं चालतंय.

मिड आठवर ठेवून घरी वाजवलं तर मात्र डब्यातनं आल्यासारखा वाटतो आवाज, विश्वासच बसत नाही की स्टेजवर तोच बरा लागतो.

आता नवीन ॲम्प यंदा नको. पुढच्या यात्रेपर्यंत साठवतो, मग कटाना बघेन. तिलकवाडीकर, तोवर पणजीतला तो जेसी नुसता बघून यायला काय हरकत नाही ना? जुना घेताना काय तपासायचं?

तिलकवाडीकर

बघायला काय पैसे पडत नाहीत. आपली गिटार घेऊन जा, दुकानातल्या नाहीतर त्याच्या भारी गिटारीवर ऐकून फसू नकोस. सगळी बटणं हळू फिरव, खरखरली तर सफाईनं जातं बहुतेकदा. रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) चालू करून ॲम्पला हलका धक्का दे, स्प्रिंगचा खळ्ळ आवाज आला पाहिजे. कोरस लावून दोन्ही स्पीकरना एकेक करून कान लाव, एक मुका असला तर भाव पाड. आणि अर्धा तास चालू ठेव, गरम झाल्यावरच खरं कळतं.

येताना बसनं ये रे बाबा.

खानापूरचा_सहातारी

होय होय बसनंच. आधी फ्रिजचा स्टॅबिलायझर जागेवर लावतो, शनिवारपासनं फ्रिज बंद आहे आणि दूध नासलं म्हणून आईनं घर डोक्यावर घेतलंय.