गाडी गरम झाली की बंद, थंड झाली की चालू. रस्त्यावरच काय तपासू?

राम राम मंडळी, मदत हवी आहे.

गाडी २००४ ची. ८०० सीसी, तीन सिलिंडर, पेट्रोल, एमपीएफआय (कार्ब्युरेटर नाही, इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारी). कोणती ते ओळखलंच असेल. सव्वा लाखाच्या वर किलोमीटर झालेत, गॅस किट नाही. आम्ही आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. बाबांना यवतमाळला दवाखान्यात न्यावं लागतं म्हणून ही ठेवलीय, एरवी माझं मोटरसायकलवर भागतं.

सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते, गावातल्या गावात कितीही फिरवा, काही नाही. मोठ्या रस्त्याला लागून अर्धा-पाऊण तास सलग चालली आणि वर दुपारचं ऊन असलं, की झटके खायला लागते. ॲक्सिलेटर दाबला तरी उचलत नाही, मग बंद. सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी घेतच नाही. टेम्परेचरचा काटा मध्याच्याही खाली. लिंबाच्या सावलीत वीस-पंचवीस मिनिटं उभी ठेवली की काही झालंच नाही अशी सुरू! थंडीत हा प्रकार जवळपास नव्हता, मार्चपासून वाढला. टाकीत पेट्रोल कमी असलं की जास्त होतं, असं आईचं निरीक्षण आहे. त्याचा संबंध असेल-नसेल, लिहून ठेवतो.

प्लग, प्लगच्या वायरी, एअर फिल्टर आणि पेट्रोल फिल्टर बदलून झाले. स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड नाही. मिस्त्रीकडे नेली की शहाण्यासारखी चालते. तो म्हणतो, "गाडी त मस्त चालून रायली ना भाऊ! काय पाहू हिच्यात?" त्याचंही खरंच आहे, चालत्या गाडीत तो तरी काय शोधणार. आता एक जण कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देते ती) बदला म्हणतो, दुसरा सेन्सर, तिसरा अख्खी वायरिंग. अंदाजानं एकेक पार्ट टाकत गेलो तर गाडीच्या किमतीएवढा खर्च होईल.

म्हणून नेमका प्रश्न: बंद पडल्यावर ती वीस मिनिटं माझ्या हातात असतात. तेवढ्यात करंट जात नाही की पेट्रोल, हे मी स्वतः कसं ओळखू? मल्टिमीटर आहे. शेतातल्या मोटरच्या स्टार्टरची कामं स्वतःच करतो, त्यामुळे तारांची भीती नाही.

प्रतिसाद १

भाऊ, पेट्रोलकडे बघा. २०२३ पासून पंपांवर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, यायला लागलं, आपल्या गाड्या त्याआधीच्या. इथेनॉल जुन्या टाकीतला गाळ सोडवतं, जुन्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही. बाहेरचा फिल्टर बदलला, पण टाकीत पंपाच्या तोंडाशी जाळी असते ती कोणी पाहिली का?

प्रतिसाद २

उंदीर! सोयाबीनच्या पोत्यांशेजारी गाडी उभी राहत असेल तर आधी हार्नेस (तारांचा जुडगा) हातानं चाचपून पाहा. आमच्या गाडीची इंजेक्टरची तार अर्धी कुरतडलेली निघाली होती.

प्रतिसाद ३

दादा, जाळी असो की उंदीर, आधी बाजू ठरवा. खटका बंद केल्यासारखी एकदम विझली तर बहुधा इलेक्ट्रिकल, झटके खात मेली तर बहुधा पेट्रोल. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारचं आहे, पण खात्री करायला हे करा.

मागच्या सीटखाली पंपाचा कनेक्टर सापडेल. पंपाच्या पॉझिटिव्ह तारेवरून एक बारीक तार फ्यूज लावून पुढे आणा, डॅशबोर्डजवळ १२ व्होल्टचा लहान बल्ब लावा, त्याची अर्थिंग बॉडीला द्या. चावी ऑन केली की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) दोन-तीन सेकंद पंप चालवून थांबवतो. तेवढा वेळ बल्ब लागेल आणि मागून घुर्र आवाज येईल. इंजिन फिरतंय तोवर बल्ब लागलेला राहतो.

आता महत्त्वाचं. इंजिन थांबलं की ईसीयू पंपही तोडतो, त्यामुळे गाडी उभी राहिल्यावर विझलेल्या बल्बवरून काही कळत नाही. रस्ता मोकळा असेल तर झटके सुरू होताच क्लच दाबू नका, गिअरमध्येच राहू द्या. चाकं इंजिन फिरवत राहतात, तेव्हा बल्ब पाहा. विझला असेल तर पंपाचा करंट चालू-बंद करणारा रिले, वायरिंग नाहीतर क्रँक-कॅमचा सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगतो तो). लागलेला असेल तर पंप, जाळी किंवा कॉइल. थांबल्यावर चावी पुन्हा ऑन करून आवाज ऐका, आवाज आला तर जाळी आणि कॉइलकडे वळा. गरम इंजिनवर पेट्रोलची नळी मात्र उघडू नका.

आणि आईंचं निरीक्षण सोडू नका. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. पेट्रोल खाली गेलं की तो तापतो, आणि झिजलेला पंप तापला की अडकतो.

धागाकर्ता

दादा, बल्ब लावला आणि काल आर्णीच्या अलीकडे पडली बंद. गिअरमध्ये असताना बल्ब लख्ख लागलेला होता. थांबल्यावर चावी फिरवली, बल्ब दोन सेकंद लागला, पण आवाज अजिबात नाही. एका ट्रॅक्टरवाल्या काकांनी टाकीला खालून लाकडानं दोन ठोके मारले आणि सेल्फ मारताच सुरू! प्रतिसाद २ वाल्या भाऊंसाठी: हार्नेस पाहिला, उंदरांनी अजून कृपा केलेली नाही. आता पंप घेऊनच टाकू का?

प्रतिसाद ३

ठोक्यानं सुरू झाली म्हणजे पंपाचे कार्बन ब्रश (त्याच्या मोटरला आत करंट पोचवणारे तुकडे) झिजलेत असा दाट संशय आहे. पण तुमच्या बल्बची अर्थिंग वेगळी आहे, पंपाची वेगळी. पंपाची अर्थ तार गंजली असली तरी बल्ब लागेल, पंप फिरणार नाही. पैसे टाकण्याआधी एवढं पाहा: पुन्हा पडली की चावी बंद ठेवून पंपाच्या अर्थ तारेला दुसरी तार जोडा, तिचं टोक बॉडीला घट्ट बांधा आणि मगच चावी फिरवा. टाकीजवळ ठिणगी नको. आवाज आला तर अर्थिंग साफ करा, पंपाचे पैसे वाचले. नाही आला तर यवतमाळहून पंप आणा, आणि टाकी उघडलीच आहे तर जाळीही नवी टाका. तोवर टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.