तुमचं काम बदललं तेव्हा पहिल्यांदा कोणाला विचारलं? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागात माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवून द्यायचं छोटं दुकान आहे, 1998 पासून. घरात हे काम बाबांपासूनचं, ते प्रेसमध्ये जुळारी होते, शिशाचे खिळे जुळवायचे, उलटं अक्षर सरळ असल्यासारखं वाचायचे. मी आले तेव्हा पानं लावायला पेजमेकर आणि मराठी फॉन्टसाठी श्रीलिपी. त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असायचं, त्यामुळे आमची पत्रिका दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसायची. मग युनिकोड आलं, प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर मिळाला, चांगलंच झालं, पण माझी जुनी सगळी कामं नव्या मशीनवर वाचता येईना आणि गिऱ्हाईक म्हणे ताई, मागच्या वर्षीचंच जरा बदलून द्या.

युनिकोडवर यायला मला आठ महिने लागले. खरं शिकायला दोन आठवडे पुरले, बाकी सगळे दिवस विचारू कोणाला यातच गेले. शेवटी समोरच्या झेरॉक्सवाल्या पोराला विचारलं, माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान. आता लग्नपत्रिका मोबाइलवरच बनतात, छापतात त्या पन्नासेक, टेकडीच्या गणपतीपुढे ठेवायला आणि जवळच्या नातलगांना, आणि मी परत शिकायला बसलेय.

म्हणून हा धागा काढला. कसं जमलं ते सांगाच, पण पहिल्यांदा कोणाला विचारलं आणि विचारायला किती दिवस लागले तेही लिहा.

* * *

मी सिव्हिल लाइन्सला कोर्टाजवळ टायपिंग करतो, 1989 पासून. आधी मशीन होती, रेमिंग्टन. चार कार्बन घालून पाच प्रती काढायच्या, शेवटची प्रत उमटावी म्हणून बोट असं आपटायचं की संध्याकाळी कोपरापर्यंत हात दुखायचा. कॉम्प्युटर घेतला तरी बोटं तशीच पडायची, कळ दाबून धरली जायची आणि ‘प्रतिवादी’ लिहायला गेलं की पडद्यावर पपपपप. पक्षकार शेजारी उभा, वकीलसाहेब घाई करतात, आणि मी एक एक प खोडतो आहे. तीस वर्षांत कधी हात थरथरला नव्हता तो तेव्हा थरथरला.

भाचीला विचारलं, ती तेव्हा बारावीत होती. विचारायला तीन महिने लागले. तिनं सांगितलं, मामा, याला आपटायचं नाही, फुग्याला हात लावतो तसं लावायचं. आणि तिनंच शोधून दाखवलं की कॉम्प्युटरमध्येही रेमिंग्टनचाच कीबोर्ड ठेवता येते, म्हणजे अक्षरांच्या जागा त्याच, जिथं बोट जाते तिथंच अक्षर. त्या दिवशी घरी जाताना मी जिलबी घेतली. आमच्या रांगेतल्या दोघांनी मशीन विकली आणि घरी बसले. त्यांची बोटं माझ्याहून जोरात चालायची. त्यांना भाची नव्हती एवढाच फरक, असं मला खरंच वाटते.

* * *

मी अंगणवाडी सेविका आहो, पारडीकडे. आधी सगळं रजिस्टरमधी, वजनाचं वेगळं, आहाराचं वेगळं, लसीचं वेगळं. 2021 मधी पोषण ट्रॅकर नावाचं सरकारी अॅप आलं अन् ते सगळं मोबाइलमधी गेलं. मले मोबाइलची इतकी भीती का हात लावला अन् काही पुसल्या गेलं तर पोरांचं सगळं नाव जाईन असं वाटे. सून घरातच होती, डीएड झालेली, पण तिले विचारावं तर सासूपणा आडवा येत होता, खरं सांगते. एक दिवस रडू आलं अन् तिनं पाहिलं. मंग रोज रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून तिनं एक एक शिकवलं. मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूले चित्र काढून ठेवले, तीन आडव्या रेघा, मंग हिरवं खोकं, मंग बोटानं वर सरकवा. ते कॅलेंडर अजून भिंतीवर आहे.

आता उंची-वजन भरलं का पोरगं पोषणाच्या कोणत्या गटात बसते ते लगेच दिसते, आधी तक्त्यावर बोट ठेवून पाहा लागे. पण काट्यावर पोरगं रडते तवा त्याले उचलून गप्प करा लागते, ते काम माह्याकडंच आहे.

* * *

ऑटो चालवतो, वर्धा रोड. 2019 ले खापरी ते बर्डी मेट्रो सुरू झाली अन् लांबच्या सवाऱ्या तुटल्या. कोणाले विचारलं नाही. आठ दिवस स्टेशनखाली उभं राहून पाहिलं, लोक उतरल्यावर कुठं चालत जातात. आता स्टेशन ते घर, छोट्याच सवाऱ्या मारून राहिलो.

* * *

माझा अनुभव माझा नाही, बाबांचा आहे. नागपूर हे मिलचं गाव होतं, एम्प्रेस मिल 1877 साली सुरू झाली आणि 2002 मध्ये बंद झाली, आता तिथं मॉल आहे. माझे बाबा शहरातल्याच एका मिलमध्ये होते. घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानात कापूस असायचा आणि बोलायचे मोठ्यानं, आतल्या आवाजाची सवय. मिल बंद पडल्यावर ते दोन वर्षं ओट्यावर बसून होते. हळूहळू आवाज बारीक होत गेला, मग एका शाळेत चौकीदारीला लागले. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही आणि आम्हीही त्यांना विचारलं नाही. अंगणवाडीच्या ताईंचं वाचून डोळे भरून आले.

* * *

मिहानमध्ये, विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या भागात आहे, सॉफ्टवेअर टेस्टिंग, सात वर्षं. नवीन स्क्रीन आली की त्यात काय काय तपासायचं याची यादी मी लिहायचो, तेच माझं काम आणि त्यातच माझी किंमत होती. आता एआय टूल तीच यादी दहा मिनिटांत देते आणि माझ्या यादीपेक्षा लांब देते. एक गोष्ट मात्र त्यात नव्हती, म्हातारे लोक ओटीपी यायची वाट न बघता बॅक दाबतात, ती मी आजोबांमुळे टाकली आणि नेमकं तिथंच अॅप अडकलं. पण टूल नीट वापरता येत नाही हे खरं आहे. टीममध्ये मागच्या वर्षी लागलेली एक मुलगी आहे, तिला छान जमते, मी तिच्या स्क्रीनकडे चोरून बघतो. घराचा हप्ता आहे, पोरगी पावणेदोन वर्षांची. मी अजून कोणालाच विचारलं नाही. पाच महिने झाले.

* * *

टायपिंगवाला परत लिहितो. मिहानवाल्या बाळा, उद्याच विचार. जेवणाच्या सुट्टीत नको, चार लोक असतात, चहाला विचार. आणि तुझी ती ओटीपीची गोष्ट तिला सांग, ती तिच्याकडे नाही.

मिलवाल्या ताई, बाबा कोणत्या खात्यात होते? माझा मोठा भाऊ मॉडेल मिलमध्ये होता, विणाईला.

* * *

खातं नक्की कोणतं ते मला माहीत नाही काका. आई सक्करदऱ्याला भावाकडे आहे, रात्री फोन लावून विचारते.