पाळणाघरात पाठवायच्या दुधाच्या बाटल्यांवर नाव टिकेल असे कसे घालावे?

प्रश्न (पुण्यातील एक आई):
माझी 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा पुढच्या महिन्यात संपत असून बाळाला घराजवळच्या पाळणाघरात ठेवायचे ठरले आहे. तिथे त्याला मी काढून ठेवलेले अंगावरचे दूध आणि दुपारी थोडे नाचणीचे सत्त्व द्यायचे आहे. तिथल्या बहुतेक बाळांच्या बाटल्या एकसारख्याच दिसतात. कागदी लेबल बाटली उकळली की सुटते आणि डिंकाचा चिकटा मागे राहतो. नाव टिकण्यासाठी काय करावे, नावाबरोबर आणखी काय लिहावे आणि बाटल्या रात्रीच भरून ठेवल्या तर चालेल का?

उत्तर (दोन मुलांची आई, नाशिक):
कायमचे नाव आणि रोजचा मजकूर एकाच लेबलावर बसवू नका. सत्त्वासाठी स्टीलची वाटी, चमचा आणि डबी घ्या. भांड्यांच्या दुकानात त्यांवर नाव कोरून मिळते आणि ते कितीही घासले तरी जात नाही. बाटलीसाठी औषधांच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी वापरा. ती रोज नवी लावावी लागते, पण काढताना चिकटा राहत नाही. मात्र बाटली कोरडी असताना, फ्रीजमध्ये ठेवण्यापूर्वीच ती लावा, कारण गार बाटलीला दव सुटले की कोणतीच पट्टी धरत नाही. बाटलीला रबरबँड गुंडाळू नका. तो बाळाच्या तोंडात जाऊ शकतो. दुपटी, लाळेरी आणि झबल्यांवर एकाच रंगाच्या दोऱ्याने आद्याक्षर भरले की पुरते.

उत्तर (पाळणाघर चालवणाऱ्या ताई):
घोटाळा होतो तो बहुधा धुताना, कारण बाटली, बूच (बाळ चोखते तो भाग), कडे आणि झाकण सुटे होतात आणि एकाचे झाकण दुसऱ्याच्या बाटलीवर बसते. म्हणून नाव फक्त झाकणावर न लिहिता बाटलीच्या अंगावरही लिहा. एकाच नावाची दोन बाळे असतात, तेव्हा आडनावही हवे. पट्टीवर दूध काढल्याची तारीख, वेळ आणि मिलिलिटरमधले प्रमाण असले, तर आधीचे दूध आधी देता येते. एका मोठ्या बाटलीऐवजी 60 ते 90 मिलीचे लहान भाग पाठवावेत, ही माझी सर्व आयांना कळकळीची विनंती आहे. बाळाने तोंड लावलेले दूध दोन तासांच्या आत संपले नाही तर टाकून द्यावे लागते आणि इतक्या कष्टाने काढलेले दूध ओतून देताना आम्हालाही वाईट वाटते. पावडरचे दूध असेल तर ते घरून कालवून पाठवू नका. मोजलेली पावडर कोरड्या डबीत आणि उकळलेले गरम पाणी थर्मासमध्ये वेगळे द्या.

उत्तर (बालरुग्ण विभागातील परिचारिका):
अंगावरचे दूध रात्री भरून ठेवायला हरकत नाही. ते फ्रीजमध्ये चार दिवसांपर्यंत टिकते, मात्र दारातल्या कप्प्यात न ठेवता आत मागच्या बाजूला ठेवावे. खोलीत 25 अंशांपर्यंतच्या तापमानाला ते जास्तीत जास्त चार तास चालते, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेवढा भरवसा धरू नये. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या पिशवीतूनच न्यावे आणि पोहोचताच फ्रीजमध्ये ठेवायला सांगावे. गोठवलेले दूध वितळून पूर्ण पातळ झाल्यापासून 24 तासांच्या आत संपवावे, पुन्हा गोठवू नये. कोमट करताना बाटली गरम पाण्याच्या भांड्यात धरावी. मायक्रोवेव्हमध्ये दूध सारखे तापत नाही आणि बाळाचे तोंड भाजू शकते.

शक्य असेल तर पाळणाघराला वाटी-चमच्यानेच दूध पाजण्याची विनंती करा. बुचाच्या आत दुधाचा थर राहतो, वाटी मात्र उघडी असल्याने स्वच्छ धुतली गेली की नाही हे डोळ्यांना दिसते. शिवाय तुमच्या कार्यालयात 50 किंवा अधिक कर्मचारी असतील, तर बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात 2017 मध्ये झालेल्या दुरुस्तीपासून पाळणाघराची सोय करणे मालकावर बंधनकारक आहे आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा आईला आहे. रुजू होण्यापूर्वी हे लेखी विचारून घ्या; जवळच सोय मिळाली, तर निम्म्या बाटल्या भरण्याची गरजच उरणार नाही.