पत्रकात नटाची नोकरी छापली म्हणून नाटक हौशी होत नाही

गिरणाकाठ
रविवारी जळगावात झालेल्या आमच्या अहिराणी नाटकावर 'पडद्यामागे' यांनी काल इथे लिहिलं. नाटकाबद्दल दोन ओळी, बाकी सगळं पत्रकातल्या नटांच्या परिचयावर. "तेरा नटांत पाच शिक्षक, दोन रेल्वेवाले, एक नर्स, एक तलाठी. ही रंगभूमी नाही, नोकरदारांची करमणूक आहे." हे वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लांबण लावतो आहे.

त्या पाच शिक्षकांपैकी मी एक. शाळा पाचला सुटते, तिथून दोन गाड्या बदलून जळगाव गाठायला आठ वाजतात. तालीम एका शाळेच्या वर्गात, बाकं भिंतीला लावून. भुसावळचे आमचे दोघे रेल्वेत, पाळीवर. त्यांची पाळी बदलली की त्यांचे प्रवेश रात्री अकरानंतर. असे अडीच महिने गेले. नेपथ्याचं लाकूड वर्गणीतून आलं, पहिले तीन हजार माझे.

डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. काशिनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर. निळू फुले पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे. प्रशांत दामले बेस्टमध्ये नोकरीला होते. त्यांच्या नोकऱ्या आपण कौतुकाने सांगतो. मग आमच्याच का खुपतात?

पडद्यामागे
सर, तुमची उदाहरणंच माझा मुद्दा सांगतात. लागूंनी १९६९ साली डॉक्टरी सोडली आणि पूर्णवेळ नट झाले. बाकीच्यांनाही कधीतरी नोकरी सोडता आली, कारण मुंबई-पुण्यात नाइट, म्हणजे प्रयोगामागे मानधन, मिळत होती. जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. मी ते अंतर कापून गेलो आणि सहा वर्षं काढून परत आलो.

आता इथे नाटकावर जगायचं म्हणतो, तर काय होतं ऐका. मागच्या वर्षी एका संस्थेने कार्यक्रमासाठी एकपात्री मागितला. मी मानधन सांगितलं. उत्तर आलं, "अहो, आमच्या ओळखीचे सर फुकट करतात, वर स्वतःच्या गाडीने येतात." ज्याच्या खात्यात महिन्याला पगार पडतो, त्याला फुकट काम करणं परवडतं. आणि पैसे मागणारा मी लालची ठरतो. राग तुमच्या शाळेवर नाही, या फुकटेपणावर आहे.

गिरणाकाठ
हे कालच लिहिलं असतं तर मी इतका चिडलो नसतो. पण काल तुम्ही "करमणूक" लिहिलंत.

रातपाळी
पत्रकातली नर्स मी. माझ्या नावापुढे 'परिचारिका' छापा, हे मीच सांगितलं होतं. कारण ऐका. वीस वर्षांपूर्वी कॉलेजात असताना विद्यापीठाच्या युवारंग महोत्सवात एकांकिकेत काम केलं. वडील बघायला आले आणि घरी गेल्यावर म्हणाले, आता बस. लग्न झालं, सासरी नाटकाचा विषयच नाही. या वेळी तालमींना निघताना सासूबाईंनी विचारलं, "रात्री अकरापर्यंत बाईमाणसाचं काय काम?" मी म्हटलं, दवाखान्यात रात्रभर असते तेव्हा विचारत नाही तुम्ही. त्या नोकरीनेच मला रात्री घराबाहेर पडायचा हक्क दिला. रविवारी सासूबाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. पत्रकात नोकरीसकट माझं नाव त्यांनी नातवाकडून दोनदा वाचून घेतलं.

पैसे नकोत असं मी कधीच म्हटलं नाही, भाऊ. कोणी विचारलंच नाही.

पांझराकाठ
नोकऱ्यांचं नंतर बोला. जाहिरातीत 'अहिराणी नाटक' लिहिलं आणि कथा धुळ्याकडची. मग अर्धे नट "काय करू राह्यला" का म्हणत होते? आमच्याकडे "काय करी ऱ्हायना" म्हणतात. धुळ्याहून गाडी करून आम्ही सहा जण आलो होतो. पहिल्या अंकातच माझी आई म्हणाली, ही आपली बोली नाही.

केळीबाग
ते "करू राह्यला" आमचं, यावल-रावेरचं. लेवा गणबोली, तावडी, काय म्हणायचं ते म्हणा. जळगावात नट कुठून आणणार? जे आहेत ते आमच्या पट्ट्यातले. बहिणाबाईंची अहिराणी चालते तर आमच्या नटांची का नाही?

पांझराकाठ
बहिणाबाईंची अहिराणी! हेच चुकतं. बहिणाबाई असोद्याच्या, त्यांच्या ओव्या तुमच्या लेवा बोलीतल्या. स्वतःची कवयित्री दुसऱ्याच्या खात्यावर टाकता आणि आमची बोली हवी तशी वाकवता. खान्देश म्हटलं की सगळ्यांना एकच बोली वाटते. साक्री-शिरपूरच्या माणसाने ती जन्मभर ऐकलेली असते, त्याला फसवता येत नाही.

केळीबाग
चूक मान्य, घाईत लिहिलं. पण आवाज खाली घ्या. त्या मुलांनी चार महिन्यांपूर्वी अहिराणीचा एक शब्दही तोंडातून काढला नव्हता. तुमच्याकडून एकही माणूस तालमीला येऊन बसला का?

पांझराकाठ
बोलावलं असतं तर आलो असतो. कोणी फोन केला?

पडद्यामागे
बोलीवरून मला माझी मुंबई आठवली. तिथे पहिल्याच दिवशी एका दिग्दर्शकाने सांगितलं, "टोन काढून टाक." घासून घासून काढला. मग घरगड्याची भूमिका आली, आणि तोच म्हणाला, "आता तुझा तो टोन आण." सहा वर्षांत माझ्या बोलीतलं एक गंभीर वाक्य मला मिळालं नाही. परत आलो तेव्हा आईशी फोनवरही मी प्रमाण मराठीत बोलत होतो. त्यामुळे रविवारी बापाच्या मृत्यूचा प्रवेश अहिराणीत ऐकला, तेव्हा काही वेळ खाली बघून बसलो होतो. हे काल लिहायला हवं होतं.

गिरणाकाठ
हो, हवं होतं. तो प्रवेश करणारे कोण, ते पत्रकात वाचलंत का?

पडद्यामागे
नावापुढे फक्त 'लोककलावंत' होतं.

फडावरचा
मग आता मला बोलू द्या, मी सकाळपासून वाचतो आहे. बापाचं काम करणारे ते आमच्या गावचे, मी त्यांना काका म्हणतो. वयाच्या चौदाव्या वर्षी तमाशाच्या फडात गेले. आधी ढोलकीवाल्याच्या मागे झांज, मग सोंगाड्या, मग वगात राजा. आज पासष्टीला आले. खान्देशात भिका-भीमा सांगवीकरांसारख्या फडांनी जत्रा गाजवल्या. त्या वाटेवरचं हे माणूस. फडमालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची, दसऱ्याला निघायचं, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या सुमारास परत यायचं. पावसाळ्यात फड बंद, तेव्हा दुसऱ्याच्या कपाशीत निंदणी. उचल फिटली नाही की पुढच्या हंगामात तोच फड.

तुम्ही दोघं पूर्णवेळ नट कोण म्हणून भांडताय. तेरा जणांत पूर्णवेळ नट तेच एक, पन्नास वर्षांपासून. आणि शिक्षकांना परिचयात तीन-तीन ओळी, कोणत्या स्पर्धेत प्रमाणपत्र, कोणत्या वर्षी पदक. काकांना एक शब्द. सर, पत्रक कोणी लिहिलं?

गिरणाकाठ
मी लिहिलं. सगळ्यांकडून माहिती मागवली होती. काका म्हणाले, "माझं काय लिहायचं, लिहा लोककलावंत." मी तेवढंच लिहिलं. विचारायला हवं होतं.

फडावरचा
त्यांना कोणी कधी विचारलं नाही, म्हणून ते तसं म्हणतात.

पडद्यामागे
"एकही पूर्णवेळ नट नाही" असंही मी काल लिहिलं होतं. ते मागे घेतो. फुकट प्रयोगांबद्दल जे म्हटलं ते मागे घेत नाही. सर, काकांना रविवारचे किती दिले?

गिरणाकाठ
जाण्यायेण्याचा खर्च आणि जेवण. आम्हाला तेवढंही नव्हतं.

पडद्यामागे
तुम्हाला पगार आहे, सर. त्यांची अडीच महिन्यांची निंदणीची मजुरी बुडाली.

रातपाळी
हे बरोबर आहे. पुढच्या, धुळ्याच्या प्रयोगाला तिकीट लावू. काकांची नाइट आधी बाजूला काढू, मग नेपथ्याची गाडी. माझ्याकडून मान्य.

पांझराकाठ
धुळ्याला या. तालमीला मी आणि आई येऊन बसतो. आई एकेक वाक्य सुधारून देईल, तुमना नट घाबरतीन इतकं. पण तारीख लवकर सांगा.

फडावरचा
दसऱ्याच्या आतली धरा. त्यानंतर काका आखाजीपर्यंत हाती लागायचे नाहीत.