एड्सवाल्या संस्था आता बंद करायला काय हरकत आहे?

अकोल्याचा_हिशेबनीस: विषय चावरा आहे पण मांडतोच. मी चार वर्षं अशा एका संस्थेचे हिशेब लिहिलेत, नाव घेत नाही. महिन्याचं टार्गेट ठरलेलं, इतक्या भेटी, इतक्या टेस्ट, इतकं कंडोम वाटप. मग 28-29 तारीख आली की आउटरीचवाली पोरं सतरंजीवर बसून रजिस्टर भरायची, सगळं एकाच निळ्या पेनाने, आणि वीस बायांचे अंगठे बघावेत तर सगळे जुळ्या बहिणींचे. म्हणून म्हणतो, 1992 ला नॅको, म्हणजे सरकारची राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था, सुरू झालं तेव्हा दवाखाने एचआयव्हीवाल्यांना दारात उभं करत नव्हते, तेव्हा संस्था पाहिजेच होत्या. आता टेस्ट फुकट, 2004 पासून औषध फुकट, एचआयव्हीवाल्यांशी भेदभाव करायला बंदी घालणारा 2017 चा कायदा झालाय, मग मधला माणूस कशाला? तोच पैसा सिव्हिलला द्या, दोन नर्स जास्त घेतील.

मिरज_जंक्शन: दादा, तुमच्या संस्थेत चोऱ्या झाल्या म्हणून सगळ्यांचं दुकान बंद करायचं का? आमच्या सांगलीत संग्राम संस्थेने 1992 ला गोकुळनगरच्या वेश्यावस्तीत काम सुरू केलं ते वस्तीतल्याच बायांना घेऊन, आणि 1996 ला त्याच बायांची स्वतःची संघटना उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. हे कशासाठी लागतं ते सांगतो. एकटीने गिऱ्हाईकाला सांगितलं निरोध लाव नाहीतर निघ, तर तो निघतोच, आणि शेजारच्या खोलीत जाऊन बसतो. बुडालं कुणाचं, हिचंच. सगळ्या खोल्यांनी एकच सांगितलं तरच तो ऐकतो, आणि सगळ्या खोल्यांना एका बोलीवर आणायचं काम कुठली नर्स करणार ओ? तिची ड्युटी पाचला संपते, यांचा धंदा तेव्हा सुरू होतो.

अकोल्याचा_हिशेबनीस: संग्रामचं नाव येणार हे माहीतच होतं. कायम तेच एक उदाहरण येतं, बाकी शेकड्यातल्या नव्वदांचं काय? आणि वस्त्या तरी कुठे राहिल्यात, निम्मा धंदा मोबाईलवर गेलाय. आमच्याकडे पीअर बाई, म्हणजे संस्थेने कामाला घेतलेली वस्तीतलीच बाई, त्याच जुन्या बोळात पिशवी घेऊन उभी राहायची आणि तिथे आता झेरॉक्सचं दुकान आहे.

मिरज_जंक्शन: मोबाईलचं मान्य. पण मोबाईलवर गेलेली बाई सिव्हिलच्या केसपेपरच्या लायनीत आपणहून येईल असं वाटतं का तुम्हाला?

सडेतोड_सोलापूरकर: स्वतःच्या कर्माने होतं त्याच्यावर सरकारने पैसा का घालवायचा, शाळांना द्या.

म्हापशेकार: सोलापूरकर, नवऱ्याकडून लागण झालेल्या घरातल्या बायका आणि जन्मतःच लागण झालेली लेकरं, त्यांचं कर्म कुठलं ते पण लिहा. आणि हिशेबनीस, सगळं सरकारवर सोडलं की काय होतं ते आमच्या गोव्याने बघितलंय. डॉमनिक डिसूझा नावाचा तरुण, नेहमीचा रक्तदाता. 1989 ला पोलीस त्याला घेऊन गेले आणि गोव्याच्या पब्लिक हेल्थ कायद्याखाली जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये 64 दिवस कोंडून ठेवला, गुन्हा काय तर रक्तात एचआयव्ही सापडला. आई कोर्टात गेली, लोक रस्त्यावर आले तेव्हा सुटला. त्यानेच पुढे 1992 ला पॉझिटिव्ह पीपल संस्था काढली आणि त्याच वर्षी वारला. कायद्याचं म्हणता तर तो 2017 चा कायदा पण असल्याच लोकांनी वर्षानुवर्षं कोर्टात आणि मंत्रालयात खेटे घातले म्हणून झाला, आपसूक नाही उगवला.

गोळी_रात्री_नऊला: मी यात पडणार नव्हते. 2009 पासून औषधावर आहे. सुरुवातीला गोळ्यांची बाटली पर्समध्ये टाकली की खुळखुळ्यासारखी वाजायची, एसटीत शेजारची बाई बघायची. संस्थेतल्या एका ताईने सांगितलं, आत कापसाचा बोळा घाल आणि लेबल भिजवून काढ. ती पण पॉझिटिव्हच, म्हणून तिला माहीत. डॉक्टर चांगले होते पण त्यांना खुळखुळा कुठे ऐकू येतो. सासूला काय सांगायचं, गोळी चुकली तर काय, पोरगीची टेस्ट कधी, हे सगळं मी तिला विचारलं, सेंटरवर माझ्या वाट्याला पाच मिनिटं यायची आणि मागे चाळीस माणसं.

पण दुसरी बाजू पण लिहिते. दुसऱ्या एका संस्थेने 1 डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाला, कार्यक्रम ठेवला, पॉझिटिव्ह मुलांना स्टेजवर ओळीने बसवलं, पाहुण्यांच्या हस्ते दप्तरं, फोटो, आणि दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात. त्यातल्या एका पोराची आई माझ्याच गावची, पोराने शाळाच सोडली. त्यामुळे संस्था म्हटली की मी लगेच हात जोडत नाही.

मिरज_जंक्शन: ताई हे वाचून गप्पच झालो. म्हणूनच तर म्हणतो संस्था कुणाची ते बघा. ज्यांना आजार आहे त्यांच्या हातात कारभार असेल तर ते स्वतःच्या पोरांना स्टेजवर बसवणार नाहीत.

म्हापशेकार: अगदी तसंच असतं असं नाही हां, समाजाच्याच माणसाने गैरव्यवहार केलेले मी पण बघितलेत. आणि परदेशी फंडवाल्यांची वेगळीच तऱ्हा. अमेरिकेने पैशाबरोबर अट घातलेली, वेश्याव्यवसायाच्या विरोधात आहोत असं लिहून द्या. मग 2025 च्या जानेवारीत त्यांनी फंड एका फटक्यात थांबवला तेव्हा जगभर कितीतरी ठिकाणी काम अडलं. म्हणून सरकारचा पैसा पाहिजेच, फक्त तो पोचवणारा माणूस वस्तीतला पाहिजे.

अकोल्याचा_हिशेबनीस: ठीक आहे, कापसाच्या बोळ्याचं पटलं, ते नर्सला सुचलं नसतं. बंद करा हा शब्द मागे घेतो. पण मग टार्गेट काढा आणि दरवर्षी बाहेरच्या माणसाकडून कडक तपासणी करा, भेटी खऱ्या झाल्या का, घरी जाऊन विचारा.

गोळी_रात्री_नऊला: घरी जाऊन? तपासणीवाला जीप घेऊन दारात उभा राहिला की संपलं की हो. आणि त्याला पत्ता कोण देणार? रजिस्टरमध्ये कोड नंबर असतो ना आमचा, नाव नसतं ना?

अकोल्याचा_हिशेबनीस: कोड असायचा.

अकोल्याचा_हिशेबनीस: शेजारच्या रकान्यात पेन्सिलने नाव पण असायचं. प्रवासखर्चाची व्हाउचरं जुळवायला मीच लिहून घ्यायचो.